सोपा ट्रेक, पण कुणासोबत?

पहिला पाऊस पडला की तुमच्या ग्रुपवरही ते पोस्टर येतंच. ढगांत बुडालेलं शिखर, हात पसरून पाठमोरं उभं कुणीतरी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘कळसूबाई! बिगिनर फ्रेंडली, गाइडसह!’ शनिवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री घरी. नाश्ता, जेवण, प्रवास सगळं त्याच पैशांत. शेवटच्या पाच सीट बाकी. मग काय, कोड स्कॅन करायचा आणि मोकळं व्हायचं.

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. उलट नक्की जा. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट सुरू होते. वाट मळलेली, दोर लावायची कुठे गरज नाही, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. त्या अर्थाने ट्रेक सोपा. पण सोपा म्हणजे छोटा नव्हे. नवख्या माणसाला चढायला तीन-चार तास लागतात, आणि गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते. हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं.

मी पहिल्यांदा गेले ती सेकंड इयरला, जुलैमध्ये. आम्ही साठेक जण आणि लीडर दोन. एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. मधले आम्ही पुढच्याची पाठ बघत चालत होतो. एका शिडीवर माझी मैत्रीण अर्ध्यात थिजली. धो धो पाऊस, निसरड्या पायऱ्या, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर. तिचे हात लटपटायला लागले. मागून लोक ओरडतायत, ‘अरे चला ना पुढे!’ लीडर कुठेच नाही. फोनला रेंज नाही.

शेवटी लिंबूसरबत विकणारे एक गावातले काका वर चढले. तिच्या एक पायरी खाली उभे राहिले, तिचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत तिला खाली घेऊन आले. टपरीत बसवून चहा दिला. म्हणाले, “वर आज काय बी दिसायचं नाय पोरी. ढग हाय नुसता. कशापायी जीव काढता?”

ही गोष्ट आम्हाला आदल्या रात्री बसमध्ये कुणीतरी सांगायला हवी होती की नाही? ज्याला आम्ही गाइड म्हणून पैसे दिले त्याने? मैत्रीण वर आलीच नाही, हे त्याला संध्याकाळी बसमध्ये डोकी मोजताना कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिल्या ट्रेकला डोंगर निवडण्याआधी माणूस निवडा. वाट दाखवणं हे गाइडचं काम आहेच, पण ते अर्धंच. ‘आज नको’, ‘तू इथेच थांब’, ‘आता परत फिरू’ हे सांगण्याची धमक ज्याच्यात आहे, तो खरा गाइड. साठ जणांच्या गर्दीत हे जमणं अशक्य आहे. कोण दमलंय, कुणाला उंचीची भीती वाटतेय, हे त्याला दिसणार कसं?

तर पैसे भरण्याआधी एक फोन करा. बॅचमध्ये किती जण, लीडर किती? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय? इशारा आला आणि ट्रेक रद्द झाला तर पैसे परत मिळणार का? किती वाजता, जिथे असू तिथून, मागे फिरायचं ठरलंय? राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. ती केलीय का, हेही बिनधास्त विचारा. ‘एवढं काय, सोपा ट्रेक आहे’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला हवं ते कळलंच.

‘छोटी बॅच महाग पडते’, हे मला मान्य आहे. पॉकेटमनीत बसायला हवं ना! पण दुसरा मार्ग आहे. आठ-दहा जण मिळून कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप, बारीत एखाद्या घरी जेवण आणि गावातलाच माहीतगार सोबत. सगळ्यांत वाटलं की खर्च आवाक्यात येतो, आणि पैसे त्या गावात राहतात. वाट काय, मोबाइलवरही दिसते, असं कुणी म्हणेल. पण ढग उतरल्यावर कुठल्या कातळावर पाय सरकतो, हे मोबाइलला माहीत नसतं.

आम्ही पुन्हा गेलो ते ऑक्टोबरमध्ये. नऊ जण आणि बारीचे एक दादा. पहाटे निघालो, दर टप्प्यावर थांबलो. उतारांवर सोनकीची पिवळी फुलं अजून होती. माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे, गावकऱ्यांची ही देवी. दादांनी आधी चपला काढून दर्शन घेतलं, मग एकेक दिशा दाखवली. तो पसरलेला भंडारदऱ्याचा जलाशय, तो रतनगड, ते पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग. जुलैत इथे उभं राहून आम्ही पांढऱ्या ढगासमोर सेल्फी काढले होते.

मैत्रीणही आली होती. त्याच शिडीपाशी ती थांबली. दादा म्हणाले, “घाई नाय. वाटलं तर चढ, नाय तर इथनं बी भारी दिसतं.” तिने पाचेक मिनिटं घेतली. मग चढली.

या पावसाळ्यात तुमच्याकडेही पोस्टर येईल. सीट संपल्या तर संपू देत. आधी तो फोन करा.