जेत्यांची लेखणी व कँटाब्री लोक

रोमच्या इतिहासांत कँटाब्री लोकांच्या वाट्यास बहुधा एकच ओळ येते. ऑगस्टस बादशहानें उत्तर स्पेनांतील रानटी टोळ्यांचें पारिपत्य केलें, एवढें पाठ करून विद्यार्थी पुढें जातो. आमच्या मतें त्यानें तेथें क्षणभर थांबावें आणि दोन प्रश्न विचारावे: या लोकांस जिंकावयास रोमला किती वर्षें लागलीं, व त्यांस रानटी ठरविणारा कोण?

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यास समांतर अशी जी उंच पर्वतांची रांग आहे, तिच्या आश्रयानें हे लोक राहत असत. हल्लींच्या कँटाब्रिया प्रांतास त्यांचेंच नांव मिळालें आहे. स्पेनच्या भूमीवर रोमन सैन्य प्रथम उतरलें तें इ. स. पूर्व २१८ सालीं. पुढील सुमारें दोनशें वर्षांत जवळजवळ सारा देश रोमच्या ताब्यांत गेला. परंतु या डोंगरांत त्यांची सत्ता पोहोंचली नव्हती. कँटाब्री लोक शेजारच्या टोळ्यांवर धाड घालीत, हें युद्धाचें कारण रोमन ग्रंथकार सांगतात, व तें सर्वस्वी खोटें असेल असें नाहीं.

युद्ध इ. स. पूर्व २९ सालीं सुरू झालें. २६ सालीं खुद्द ऑगस्टस रणांगणावर आला; पण दुखण्यामुळें त्यास टॅराको शहरीं परतावें लागलें. २५ सालीं त्यानें रोम येथील जेनस देवाच्या मंदिराचीं दारें बंद करविलीं. सर्वत्र शांतता नांदत आहे, असा त्याचा अर्थ. शांतता मात्र नांदत नव्हती. २२ सालच्या बंडांत, स्वातंत्र्याची आशा खुंटली असें पाहून, पुष्कळांनीं आपले किल्ले पेटविले व आपल्याच हातानें मरण पत्करलें. गुलाम म्हणून विकलेल्या कैद्यांनीं धन्यांस ठार मारून डोंगर गांठला व पुन्हा लढा उभारला. अखेर १९ सालीं अग्रिप्पानें लढण्याच्या वयाचे जवळजवळ सर्व पुरुष मारले आणि उरलेल्यांचीं शस्त्रें काढून घेऊन त्यांस सपाटीवर वसविलें. त्याच्याच सैनिकांचा धीर इतका खचला होता कीं, एका सैन्यदळाचें ‘ऑगस्टा’ हें मानाचें नांव त्यास काढून घ्यावें लागलें. आणि विजयाची मिरवणूक देऊं केली असतां ती त्यानें नाकारली.

आतां दुसरा प्रश्न. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो कीं, या लोकांत वर स्वतः वधूस हुंडा देई, मुली वारस होत, व बहिणी भावांचीं लग्नें करून देत. असलें स्त्रीराज्य सुधारणेचें लक्षण नव्हे, असा शेराही तो मारतो! स्पेन देश त्यानें स्वतः कधीं पाहिला नव्हता. वधस्तंभावर खिळलेले कँटाब्री कैदी विजयगीत गात राहिले, हेंही त्यानेंच लिहून ठेविलें आहे. परंतु तें त्यांच्या माथेफिरूपणाचें उदाहरण म्हणून. मुलीस वारसा देणारे रानटी, आणि कैद्यांस खिळे ठोकणारे सुधारलेले, ही वांटणी कोणी केली?

रोमनें सडका व शहरें दिलीं, ही गोष्ट खरी. जूलिओब्रिगा नांवाचें नगर त्याच मुलखांत वसलें. तथापि त्या लाभाची किंमत ज्यांनीं भरली, त्यांचा स्वतःचा एकही ग्रंथ उरला नाहीं. त्यांच्या शौर्याची साक्षसुद्धां शत्रूच्याच लेखणींतून मिळते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील डोंगरमाथ्यांवर रोमन छावण्यांचे अवशेष सांपडूं लागले आहेत. जमिनीनें दिलेली ही साक्ष कोणाची भीड धरीत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, इतिहासांत ‘रानटी’ हा शब्द आढळला म्हणजे तो कोणीं लिहिला, व त्यास तें लिहिण्यांत कोणता लाभ होता, हें आधीं पाहा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलास सन व लढाया विचारून झाल्यावर, हरलेल्यांचें पुढें काय झालें, हेंही त्यास विचारावें. परीक्षेंत या प्रश्नास गुण मिळणार नाहींत; पण न्यायबुद्धि जागी होते ती अशाच प्रश्नांनीं.