घरांतील पंक्तिभेद



एकाच पंगतीस बसलेल्यांपैकीं कोणास तूप व कोणास तेल वाढण्याच्या रीतीस पंक्तिभेद म्हणत, आणि ती रीत निंद्य मानीत. हा दोष आतां गेला असें आपण समजतों; परंतु तो निराळ्या वेषानें आपल्या स्वयंपाकघरांत शिरला आहे. आजोबांस मधुमेह झाला, म्हणून त्यांच्यापुरती ज्वारीची भाकरी व बिनसाखरेचा चहा. मुलगा अंगानें फुगूं लागला, म्हणून त्याच्यापुरती गोडाची बंदी. आणि त्यांच्याच समोर बाकीचीं माणसें चहांत बिस्किटें बुडवून खात आहेत! असें पथ्य आठ दिवसांत मोडतें, आणि दोष मात्र आजोबांच्या जिभेस व मुलाच्या हट्टास दिला जातो. माझें मत असें आहे कीं, साखर कमी करावयाची व कोंड्यासकट धान्याकडे वळावयाचें, तर तें सर्व घरानें मिळून करावें.

हा प्रश्न केवळ आजाऱ्यांचा राहिलेला नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आपल्या देशांत मधुमेहाचे सुमारें १० कोटि १० लक्ष रोगी असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकंदर उष्णतेच्या दशांशाहून कमी असावी; विसांशाहून कमी असल्यास अधिक बरें. २,००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या प्रौढ माणसास हा विसांश सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे इतका पडतो. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलींत बहुधा याहून अधिक साखर असते! गूळ व मध हेही याच हिशेबांत धरावे लागतात. गुळांत थोडे क्षार असले, तरी त्याचा बहुतेक भाग साखरच आहे.

धान्याचीही तीच कथा. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटावर आइकमान या डच वैद्यास असें आढळलें कीं, घासून पांढऱ्या केलेल्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि तांदुळाचा कोंडा दिल्यास त्या बऱ्या होतात. याच कार्यासाठीं १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा त्यास मिळाला. जें आपण टाकाऊ म्हणून काढून टाकतों, त्यांतच धान्याचा पुष्कळसा कस असतो. आणि मैदा म्हणजे असा कस काढलेला गहूंच होय.

सर्वांनीं मिळून पाळलेलें पथ्य कसें निभतें व फळतें, याचा दाखला एका सबंध राष्ट्रानें दिला आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० च्या जानेवारींत, ब्रिटनमध्यें साखरेचें नियंत्रण सुरू झालें. प्रत्येकास आठवड्याचा ठराविक शिधा मिळे. राजघराण्यासही शिधापत्रिका चुकली नाहीं. १९४२ पासून पांढऱ्या पावाऐवजीं कमी चाळलेल्या पिठाचा करडा पाव आला. लोक कुरकुरले; पण शेजाऱ्याच्या ताटांतही तोच पाव असल्यामुळें निभावलें. साखरेवरील नियंत्रण १९५३ च्या सप्टेंबरांत उठलें, आणि लवकरच तिचा खप जवळजवळ दुप्पट झाला. त्या काळाच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांच्या प्रकृतीची तुलना २०२४ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. गर्भावस्थेंत व नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांचे दिवस नियंत्रणांत गेले, त्यांस प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं व रक्तदाबाचा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळला. त्या बालकांनीं कोणताही निग्रह केला नव्हता. घरांतील वडील माणसें जें खात होतीं, त्याचेंच तें फळ होतें.

कोणी म्हणतील कीं, पांच रुपयांचा बिस्किटांचा पुडा मुलाची भूक भागवितो व आईचा वेळ वांचवितो, त्याचें काय? हा आक्षेप खोटा नाहीं. जिला पहाटे पाणी भरून आठ वाजतां कामावर जावयाचें असतें, तिला भाकरी थापण्याचा उपदेश करणें सोपें आहे. पण तेणेंकरून सारें नवें ओझें तिच्या एकटीच्या माथीं पडतें, आणि हाही पंक्तिभेदच होय. वडिलांनीं धान्य निवडावें, दळण आणावें. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकानें मटकी भिजत घालावी व भाकरी थापावयास शिकावें. रेशनचा गहूं चक्कीवर दळून आणल्यावर कोंडा चाळून न टाकण्यास एक पैही लागत नाहीं. मधल्या सुटींत फुटाणे, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, अथवा ऋतूप्रमाणें पेरू व बोरें यांवर उत्तम भागतें.

साखरही एका दिवसांत सोडूं नये. सर्वांच्या मिळून चहांत जेवढे चमचे पडतात, त्यांतून दर पंधरवड्यास एक कमी करावा. जीभ संवयीची दासी आहे, ती कमी गोडासही सरावते. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं मात्र आहार बदलतांना वैद्याचा सल्ला घ्यावा. सणाची पुरणपोळी व नाताळच्या करंज्या यांवर माझा मुळींच रोष नाहीं. उलट रोजच्या चहा-बिस्किटांनींच त्यांची अपूर्वाई घालविली आहे.

२०२५ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांस साखरेविषयीं माहिती देणारे फलक लावावयास सांगितलें. फलक चांगला; पण मुलाचे डोळे फलकाहून अधिक वेळ वडिलांच्या कपाकडे असतात. म्हणून पालकहो, मुलाच्या डब्यांतील बिस्किटें काढण्याआधीं आपल्या कपांतील एक चमचा काढा. आणि विद्यार्थिमित्रहो, आजोबांची भाकरी आजारपणाची खूण समजूं नका. तिचा एक चतकोर मागून घ्या व त्यांच्या शेजारीं बसून खा. आजोबांस पथ्य सुसह्य होईल, आणि तुमचेंही कल्याणच होईल.