नावापूर्वीची दोन अक्षरे



पुरुषाच्या नावापूर्वी आपण ‘श्री.’ लिहितो. तो अविवाहित असो, विवाहित असो वा विधुर असो, ते उपपद बदलत नाही. स्त्री मात्र लग्नापूर्वी ‘कु.’, लग्नानंतर ‘सौ.’ आणि पती निवर्तताच ‘गं. भा.’ होते! जिचा पती हयात ती सौभाग्यवती. म्हणजे तिचे भाग्य तिच्या कर्तृत्वात नाही, नवऱ्याच्या आयुष्यात आहे. पाकिटावरील दोन अक्षरांवरून टपालवाल्यासही तिच्या संसाराची वार्ता कळावी, ही कसली सभ्यता?

इंग्रजी भाषेतही हेच घडले. ‘मिसेस’ आणि ‘मिस’ हे दोन्ही शब्द ‘मिस्ट्रेस’, म्हणजे घरची धनीण, या एकाच शब्दापासून निघाले. प्रारंभी ‘मिसेस’वरून लग्नाचा बोध होत नसे, ती खूण मागाहून चिकटली. अमेरिकेत १९०१ साली एका वृत्तपत्राने सर्व स्त्रियांसाठी ‘मिझ’ हे एकच उपपद सुचविले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते स्वीकारले १९८६ साली. रूढी किती चिवट असते पाहा!

आपल्या राज्यात मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. उलट एप्रिल २०२३ मध्ये विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावे, अशी सूचना खुद्द महिला व बालविकास मंत्र्यांच्या पत्रातून पुढे आली. टीका होताच ती केवळ चर्चेसाठी होती, असा खुलासा झाला. शब्द गोड केला म्हणून शिक्का पुसला जात नाही.

विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असा कायदा या देशात नाही. संविधानाचे १४ वे व १५ वे कलम समता सांगते. मग अडते कोठे? आपल्याच लेखणीत. ‘आयुष्मान’ व ‘आयुष्मती’ ही समान जोडी आपल्यापाशी आहे. तरीही मंगल परिणयाच्या पत्रिकेवर वधू ‘आयुष्मती’ आणि खाली निमंत्रकांत तिची आई ‘सौ.’, चुलती ‘गं. भा.’! ‘श्री. व सौ. अमुक’ या लेखनात तर बाईचे नावच नाहीसे होते.

ज्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई व जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेथील घरांनी तरी हा भेद सोडावा. पुढील पत्रिकेत प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव लिहा आणि सर्वांना एकच उपपद द्या: ‘आयुष्मती’ किंवा ‘श्रीमती’. ‘श्रीमती’ म्हणजे विधवा, हा गैरसमज त्यानेच मोडेल.