हॉटेल तेच, वेळ वेगळी

उन्हाळ्यातला शुक्रवार होता. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, त्यामुळे त्या रात्री हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही. रात्री दोनच्या सुमारास आमच्या अपघात विभागात एक आई, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी अशा तिघी एकाच रिक्षातून आल्या. तिघींनाही उलट्या. मुलीचे डोळे खोल गेलेले, आजीची नाडी हाताला धड लागत नव्हती. त्यांना सलाइन लावून होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात दोन भावांची जुंपली होती. धाकटा म्हणत होता, "सकाळी त्या हॉटेलवर केसच ठोकतो." थोरला म्हणत होता, "अरे, आम्हीपण संध्याकाळी तिथंच जेवलो ना? आम्हाला कुठं काय झालं? उगाच कोणाच्या पोटावर पाय कशाला देतो?"

दोघंही खरं बोलत होते. आठवडाभर आधी त्याच हॉटेलात मी सहकुटुंब जेवून आलो होतो. शेवभाजी झणझणीत, वेटर तत्पर, लहान मुलांसाठी बाहेर झोपाळा. कोणी विचारलं असतं तर मी "जरूर जा" म्हणालो असतो.

मी दोघांना वेळ विचारली. थोरल्याचं कुटुंब साडेसातला जेवलं होतं, धाकट्याचं अकराला. धाकट्याने स्वतः तंदुरी रोटी आणि शेवभाजी घेतली होती. त्याला काहीही झालं नव्हतं. तिघींनी फ्राइड राइस मागवला होता आणि एकच्या सुमारास पहिली उलटी झाली.

आता फ्राइड राइस कसा होतो ते पाहा. गिऱ्हाइकाने ऑर्डर दिल्यावर कोणी तांदूळ शिजायला टाकत नाही. भात दुपारीच शिजवून ठेवतात, कारण थंड झालेला मोकळा भात कढईत छान परततो. तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिजवताना जिवाणू मरतात, पण बीजाणू टिकतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ते पुन्हा जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी घडवणारं विष कढईतल्या जाळालाही दाद देत नाही. म्हणजे ताटात वाफाळता भात आला तरी विष शाबूत. विलायतेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी रेस्टॉरंटांतल्या फ्राइड राइसमुळे लोक आजारी पडू लागले, तेव्हा डॉक्टरांना या जिवाणूची नीट ओळख झाली. आपल्याकडे 'चायनीज' गल्लोगल्ली पोहोचलं, पण ही ओळख काही पोहोचली नाही.

शिवाय, पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला ठेवलेलं अन्न' असं लिहिलेलं असतं ती खोली विलायतेतली. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा 43 अंशांवर असतो आणि तीन भट्ट्या पेटलेल्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त. साधारण 5 ते 60 अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. शंभर जिवाणूंचे चार तासांत चार लाखांवर होतात, हा हिशेब कोणीही मांडून पाहावा. साडेसातच्या आणि अकराच्या ताटात तोच भात असेल, पण ती दोन वेगळी जेवणं आहेत.

म्हणूनच 'ते हॉटेल चांगलं' आणि 'ते हॉटेल वाईट' अशी दोन्ही मतं एकाच जागेबद्दल ऐकू आली की मला नवल वाटत नाही. लोक चव, गर्दी, एसी, वेटरचं बोलणं यांवरून मत बनवतात. ते चूक नाही, पण यातलं काहीच भाताच्या पातेल्याबद्दल सांगत नाही. वास आणि चव तर हमखास फसवतात. बाधणारं अन्न बहुतेक वेळा आंबलेलं लागतच नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण निर्दोष हॉटेलवाल्यावर खापर फुटतानाही मी खूप पाहिलं आहे. पोट बिघडलं की माणूस शेवटच्या जेवणाला दोष देतो. घड्याळ काही वेगळंच सांगत असतं. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर आधीच तयार झालेलं विष पोटात गेल्याची शक्यता जास्त. त्यात भातातला हा जिवाणू येतो, तसाच हाताच्या जखमेतून किंवा नाकातून पनीर, मलई, माव्यात उतरणारा स्टॅफिलोकोकसही. मोठ्या पातेल्यात हळूहळू थंड झालेल्या रश्श्यातून होणारा त्रास बऱ्याचदा आठ ते सोळा तासांनी सुरू होतो, त्यात पोटात मुरडा आणि जुलाब जास्त. साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसही लागतात. टायफॉइडला एक ते तीन आठवडे, आणि 'ए' प्रकारच्या काविळीला सरासरी चार आठवडे. महिन्यापूर्वी कुठे पाणीपुरी खाल्ली हे कोणाला आठवणार? त्यामुळे रविवारच्या जेवणाचा राग सोमवारच्या वडापाववाल्यावर निघतो.

एकाच ताटात जेवलेल्या पाचांपैकी एकालाच का होतं, हाही नेहमीचा प्रश्न. अन्नात जिवाणू सारखे पसरलेले नसतात. कोणाच्या वाट्याला किती आले हे नशीब. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं लवकर कोसळतात. शिवाय जठरातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी. 'आज जड जेवण आहे' म्हणून घरातून निघताना अॅसिडिटीची गोळी घेणारे गृहस्थ त्या पहारेकऱ्याला स्वतःच रजेवर पाठवतात. साल्मोनेलासारखे जंतू मग सहज पुढे सरकतात. (ही गोळी महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने खाणाऱ्यांबद्दल पुन्हा केव्हातरी.)

आता आमच्याबद्दल. त्या तिघींच्या केसपेपरवर 'तीव्र गॅस्ट्रो' असं लिहिलं गेलं. उलटीचा नमुना घेतला नाही, उरलेला भात तोवर कचऱ्यात गेला असणार. त्यामुळे भातच दोषी होता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. घड्याळ आणि ताटं जुळतात एवढंच. रात्री दोनला जीव वाचवणं आधी, हे खरं. पण सकाळीही आम्ही कोणाला कळवलं नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा, लागू झाला 5 ऑगस्ट 2011 पासून. त्याच्या कलम 35 मध्ये डॉक्टरांना अन्नविषबाधेची माहिती कळवायला लावण्याची तरतूद आहे. गावजेवणात शंभर माणसं आजारी पडली की बातमी होते, पथक येतं, नमुने घेतले जातात. हॉटेलातल्या तीन-चार जणांच्या उलट्या मात्र वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरतात आणि कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. त्याच रात्री कॅम्प भागातल्या किंवा किदवई रोडवरच्या एखाद्या खासगी दवाखान्यात त्याच भाताचे आणखी चार रुग्ण आले असतील, तर ते मला कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक डॉक्टरने 'कुठे, काय आणि किती वाजता खाल्लं' हे तीन शब्दांत केसपेपरवर लिहावं आणि एकाच ठिकाणचे दोन रुग्ण दिसले की आरोग्य विभागाला व अन्न व औषध प्रशासनाला कळवावं, असं माझं मत आहे. यात हॉटेलवाल्याचाही फायदा आहे. कारण ज्याचा दोष नाही तो सुटतो.

गिऱ्हाइकाने काय करावं? उशिरा गेलात तर समोर तव्यावर-भट्टीत तयार होणारं मागवा. भात, रायता, मेयोनेज, कापून ठेवलेली कोशिंबीर टाळा. पार्सल घरी नेऊन टीव्हीसमोर तासभर ठेवू नका, नंतर हॉटेलला बोल लावता येणार नाही. बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तक्रार करायची तर ते बिल आणि उरलेलं अन्न फ्रिजमध्ये जपून ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट-घोट द्या. मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, सुस्त पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.

मालकांशी बोलताना मला एकच गोष्ट पटवावीशी वाटते, ती म्हणजे आजारी कामगाराला पगारी सुट्टी. नियमाप्रमाणे अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस व्हायला हवी. जुलाब-उलट्या होत असलेल्याने अन्नाला हात लावायचा नाही, हाही नियम आहे. पण रोजंदारीवरचा मुलगा हे सांगेल कसा? न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करणारी मेरी मॅलन टायफॉइडचे जंतू पसरवते, हे 1907 मध्ये उघड झालं. ती स्वतः ठणठणीत होती. स्वयंपाक करणार नाही, या अटीवर 1910 मध्ये तिला सोडलं. तिने धुणं धुण्याचं काम धरलं, त्यात पैसे कमी मिळत. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली आणि 1915 मध्ये एका प्रसूती रुग्णालयातच साथ आली. मग 1938 साली मरेपर्यंत तिला वेगळं कोंडून ठेवलं. कमी पडणारा पगार भरून काढावा, हे मात्र कोणाला सुचलं नाही.

त्या तिघी दोन दिवसांनी घरी गेल्या. पुढच्याच आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आला. रात्रीपासून आठ जुलाब, अंगात ताप. कुठे कामाला आहेस विचारलं तर म्हणाला, "हॉटेलात. सॅलड कापतो." मी तीन दिवस विश्रांतीची चिठ्ठी लिहून दिली. त्याने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सुई मारा ना. सातला गर्दी सुरू होते."