वीज जात पाहून पडत नाही, मग मरतो कोण?

मे-जून महिन्यांत मराठवाडा-विदर्भातले कोणतेही वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते : वीज पडून शेतमजूर महिला ठार, दोघी जखमी. दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो, तिसऱ्या दिवशी सारे शांत. छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ही निसर्गाची करणी वाटते. आम्हाला ती तशी वाटत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 या एका वर्षात देशभर वीज पडून 2,887 माणसे मेल्याची नोंद आहे. 25 जून 2020 रोजी तर एकट्या बिहारमध्ये एका दिवसात 80 हून अधिक माणसे गेली. त्यांतली अनेक शेतात कामावर होती. हा अहवाल मेलेल्यांचे वय सांगतो, स्त्री की पुरुष तेही सांगतो. मेलेला कोणाच्या शेतात राबत होता, हे मात्र सांगत नाही. ते आपणच समजून घ्यायचे. वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. त्या वेळी उघड्या रानात कोण असतो? 2011 च्या जनगणनेनुसार देशात शेतीवर जगणाऱ्या अनुसूचित जातींच्या लोकांपैकी सुमारे 71 टक्के लोक दुसऱ्याच्या जमिनीवर मजुरी करणारे होते. त्यांच्या जोडीला आदिवासी आहे, भटका-विमुक्त आहे, दोन एकरवाला कुणबीही आहे. वीज जात पाहून पडत नाही हे खरेच. पण वीज पडते त्या जागी कोणाला उभे करायचे, हे या व्यवस्थेने आधीच ठरवून ठेवले आहे.

आणि ही मरणे टाळता येतात, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने देशभर वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभे केले आहे आणि त्यावर चालणारे 'दामिनी' नावाचे मोफत अ‍ॅप तयार केले आहे. स्मार्टफोनवर ते घेतले आणि ठिकाण दाखवणारी सोय चालू ठेवली, की आपल्या भोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडत आहेत काय, हे ते दाखवते. गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांत दिसतात. धोका आपल्याकडे सरकत असेल तर सुमारे अर्धा-पाऊण तास आधी सूचना मिळू शकते. शेतातून पक्क्या घरात पोहोचायला एवढा वेळ पुरतो. म्हणजे विज्ञानाने आपले काम केले. पुढे काय?

पुढे असे, की दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शासनाचे प्रसिद्धिपत्रक निघते, 'नागरिकांनी दामिनी अ‍ॅप डाऊनलोड करावे.' हा नागरिक कोण? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता, आणि त्यात साधे बटनांचे फोनही आले. कापूस वेचणाऱ्या बाईकडे स्मार्टफोन असलाच, तर तो बहुधा घरी पोराकडे असतो. शेतात अ‍ॅप असते ते मालकाच्या खिशात. ते वाजते, मालक आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "एवढी पात उरकून घ्या." बाईला कळत नाही असे नाही. तिलाही आभाळ दिसते. पण वेचणीचे पैसे किलोवर, सोयाबीनची कापणी गुत्त्यावर. अर्धा तास बसले तर तेवढी मजुरी बुडते, आणि सगळ्यांच्या आधी उठणारीला उद्या कामावर बोलावतीलच असेही नाही. सूचना मिळणे आणि सूचना मिळाल्यावर जागेवरून उठता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मोबाईल देतो. दुसरी त्याच्या हातात नाही.

शासनाला मोबाईलची ताकद कळत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मजूर कामावर हजर आहे की नाही हे पाहायचे होते, तेव्हा ती बरोबर कळली! 1 जानेवारी 2023 पासून मनरेगाच्या कामांवर अ‍ॅपवर दिवसातून दोन वेळा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. ज्या मोबाईलने मजुराची हजेरी घेतली, त्याच मोबाईलवर विजेची सूचना घेऊन काम थांबवणे सक्तीचे करायला काय हरकत होती? भोपाळच्या वायुकांडानंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कामातील कामगाराला धोका दाखवून देण्याचा हक्क मिळाला आणि त्यावर तत्काळ उपाय करणे मालकाला बंधनकारक झाले. उघड्या रानातल्या मजुराला असा हक्क कोणी दिला?

शासन करील तेव्हा करील. आपल्या वस्तीत आज काय होऊ शकते ते पाहू. जयंतीच्या मिरवणुकीचे स्टेटस ठेवायला आपल्याकडे स्मार्टफोन कमी पडत नाहीत. त्यातल्या दोन पोरांनी एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर दामिनीवर लक्ष ठेवायचे. शेतात गेलेल्या प्रत्येक टोळीत एखादा तरी साधा फोन असतोच. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. या नंबरवरून दोन मिस्ड कॉल म्हणजे रान सोडा, एवढे आधी ठरवून ठेवायचे. पैसा लागत नाही, वाचता येण्याचीही गरज नाही. शेत जवळ असेल तर विहाराचा भोंगा आहेच.

इथे एक अफवा आडवी येते. मोबाईल विजेला ओढतो, म्हणून आभाळ गडगडले की लोक फोन बंद करतात. हे साफ खोटे आहे. खिशातला मोबाईल वीज ओढत नाही. धोका असतो तो चार्जिंगला लावलेल्या फोनला, वायरमुळे. नेमक्या गरजेच्या वेळी फोन बंद करणे म्हणजे आलेला निरोप परत पाठवणे होय. रेंज नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायचे. तीस आकडे व्हायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच निघायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. आसरा पक्क्या घराचा किंवा बंद जीपचा. झाडाखालचा नव्हे, आणि उघड्या ट्रॉलीतला तर नव्हेच.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून गावोगाव आहे. देशाच्या काही भागांत वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरून ठेवतात आणि वाचणारा जीव तिथेच जातो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावल्याने काही होत नाही. त्याचे हृदय थांबलेले असू शकते. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहायचे आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. हे विहारात एका रविवारी शिकवता येते. धम्मप्रवचनानंतर अर्धा तास काढला तर कोणाची हरकत असेल, असे आम्हाला वाटत नाही.

एवढे करूनही माणूस गेलाच, तर शवविच्छेदन न करता घाईने अंत्यविधी उरकू नका. महाराष्ट्रात वीज पडून मेलेल्याच्या वारसाला 4 लाख रुपयांची मदत मिळते. पण शवविच्छेदन अहवाल आणि पंचनामा नसेल तर फाईल अडते. मोबाईलवर जागेचे, झाडाचे, आसपासच्या खुणांचे फोटो वेळेसह काढून ठेवा. मृत्यू मालकाच्या शेतात झाला असेल तर ते पंचनाम्यात लिहून घ्या. मजूर कोणाच्या कामावर होता, याची नोंद व्हायलाच हवी.

आता मूळ प्रश्न मजुरीचा. सोयाबीनची कापणी ऑक्टोबरात धडाक्यात सुरू होते आणि टोळ्यांचे गुत्ते त्याआधी ठरते. एकरी भाव ठरवताना मुकादमाने चारचौघांत एक वाक्य जास्त बोलावे : विजेची सूचना आली की टोळी शेत सोडील, राहिलेले काम दुसऱ्या दिवशी होईल आणि भाव कापला जाणार नाही. किलोवर वेचणी असेल तर बसलेल्या वेळेची मजुरी धरली जाईल. एका टोळीने म्हटले तर मालक दुसरी टोळी बघेल. म्हणून हे गावातल्या सगळ्या टोळ्यांनी, मराठा-कुणबी मजुरांच्या टोळ्यांनाही बरोबर घेऊन, एकाच दिवशी म्हणायचे आहे.