शिबिरात दिलेल्या नमुन्यांचे अहवाल बायकांच्या हाती मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद

विषय : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरातील प्रलंबित अहवाल व त्या अनुषंगाने इतर मागण्या.

संदर्भ : समितीची यापूर्वीची तीन निवेदने (पोच सोबत जोडली आहे).

महोदय,

तालुक्यातील महिला बचत गटांच्या आरोग्य समितीचे हे चौथे निवेदन आहे. गेल्या वर्षी पाडव्यानंतर दिलेल्या पहिल्या निवेदनाला उत्तर आले नाही. आषाढातल्या दुसऱ्याला एका ओळीचे पत्र आले, की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविला आहे. कोणाकडे पाठविला, ते त्यात नव्हते. तिसरे निवेदन गौरी-गणपतीच्या आधी दिले. त्या दिवशी आपल्या दालनात समितीच्या सदस्यांना बसवून घेऊन, सगळे अहवाल पंधरा दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतील असा शब्द देण्यात आला. आता पुन्हा पाडवा होऊन गेला.

तपासणीबाबतचे नियम आणि २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आपल्या कार्यालयाला ठाऊक आहेत. त्या इथे उतरवून काढण्याची गरज समितीला वाटत नाही.

गेल्याच्या आदल्या वर्षी भाद्रपदात जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांत शिबिर भरले. आशाताईंनी महिनाभर घरोघर फिरून बायकांना तयार केले होते. अंगावरून जाते हे नवऱ्यालासुद्धा न सांगणाऱ्या बायका त्या दिवशी रांगेत उभ्या राहिल्या, हे साधे काम नव्हते. प्रत्येकीच्या पिशवीच्या तोंडाचा नमुना काचपट्टीवर घेतला, हातात क्रमांकाची चिठ्ठी दिली आणि अहवाल पंधरा दिवसांत मिळेल असे सांगितले. पंधरा दिवसांचा हा पहिला शब्द.

दिवाळी झाली तशी ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडीला थांबता येत नाही. ज्यांचे अहवाल येतील त्यांना फोन करू, असे तेव्हा केंद्रातून सांगण्यात आले. फोन कोणालाच आला नाही.

त्या रांगेतल्या एका बाईबद्दल समितीला सविस्तर लिहायचे आहे. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. तिने चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्याखाली ठेवली होती, आणि कारखान्यावर जाताना डब्यासोबत तीही नेली. माघात फडात मोळी उचलताना लाल जायला लागले. वजनाने झाले असेल असे सगळ्याजणी म्हणाल्या. एक खाडा पडला तर दोघांची मजुरी जाते आणि वर दंड बसतो, म्हणून ती दवाखान्यात गेली नाही. चैत्रात गावी परतल्यावर आधी ती चिठ्ठी घेऊन आरोग्य केंद्रात गेली. तिथून तालुक्याला पाठवले, तालुक्याहून प्रयोगशाळेकडे. प्रयोगशाळेच्या खिडकीवर त्या शिबिराच्या काचपट्ट्या आमच्याकडे आल्याचीच नोंद नाही, असे उत्तर मिळाले. दोन एसट्या बदलून ती संध्याकाळी घरी आली, तेव्हा चिठ्ठी पुन्हा डब्याखाली ठेवली. आषाढात मोठ्या रुग्णालयात आजार तिसऱ्या टप्प्यावर असल्याचे निघाले. पौषात ती गेली. तिचा क्रमांक समितीच्या पहिल्या निवेदनासोबतच्या यादीत होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीतही होता.

अहवाल वेळेत आला असता तर ती वाचलीच असती, असा दावा समिती करत नाही. भाद्रपदात तिचा आजार कोणत्या पायरीवर होता, ते त्या काचेवर होते. ती काच सापडत नाही.

या आजाराइतका वेळ देणारे कर्करोग थोडे आहेत, आणि म्हणूनच हे जास्त लागते. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी जर्मनीत गर्भाशयमुखाच्या गाठीतून एचपीव्ही या विषाणूचा सोळा क्रमांकाचा प्रकार शोधला, पुढच्या वर्षी अठरा क्रमांकाचा, आणि २००८ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळाले. हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यातल्या काहींमध्ये पेशी बिघडत जातात. कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढ्या काळात डाग सापडला तर तो गोठवून किंवा उष्णतेने जाळून काढता येतो. पिशवी काढावी लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. निसर्गाने दिलेली ही मुदत कागदांच्या प्रवासात संपावी, हे समितीला सहन होत नाही.

खेड्यात हे जमत नाही, असे आपल्या दालनात सांगण्यात आले होते. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ते करून दाखवलेले आहे. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आदींच्या पुढाकाराने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना गावांच्या ५२ गटांतून अभ्यासात घेतले. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांतल्या ३४ जणी आठ वर्षांत या कर्करोगाने गेल्या. तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात ६४ गेल्या. चाचणी आयुष्यात एकदाच झाली होती. त्या ६४ जणी आपल्याच मराठवाड्यातल्या लेकी-सुना होत्या. जगाने त्यांच्या जिवावर हे ज्ञान मिळवले आहे, आणि त्याच मातीतल्या बायकांना अजून चिठ्ठीचे उत्तर मिळत नाही. धाराशिवला नुसते नमुने घेतले नव्हते. दोष निघालेल्या बायकांना परत बोलावून, पुढची तपासणी करून उपचार दिले होते. मृत्यू घटले ते त्यामुळे.

हरवलेला अहवाल आणखी एक नुकसान करतो, त्याकडे लक्ष द्यावे. सरकारी तपासणीचे उत्तर न आलेली बाई घाबरते आणि शहरात कुठे तरी खासगीत जाते. तिथे ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढे ऐकले की उचलीच्या पैशांतून शस्त्रक्रिया होते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीडमधील ऊसतोड बायकांची पाहणी मांडली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ‘आजार नाही’ असा कागद वेळेवर हाती पडला, तर त्या कागदाच्या जोरावर बाई ‘नको’ म्हणू शकते. समितीतल्या दोघींनी तिशीतच पिशवी काढली आहे. आपल्याला काय झाले होते, हे त्यांना आजही कोणी सांगू शकत नाही.

म्हणून समितीची मुख्य मागणी एकच. त्या शिबिरातल्या प्रत्येक क्रमांकाचा लेखी खुलासा मिळावा : काचपट्टी कधी निघाली, कोणी नेली, कोणी स्वीकारली, निष्कर्ष काय. जी सापडत नाही ती हरवली असे सहीनिशी लिहून द्यावे आणि त्या बाईची तपासणी पुन्हा करावी. ती कारखान्यावर असेल तर तिथल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात सोय लावावी. यापुढे शिबिरे वैशाख-ज्येष्ठात, माणसे गावी असताना घ्यावीत आणि दसऱ्याच्या आत अहवाल द्यावेत. दोष निघालेल्या बाईला कोणत्या दिवशी, कोणत्या डॉक्टरांकडे जायचे ते चिठ्ठीवर लिहिलेले असावे. हे काम एका ठरावीक परिचारिकेच्या नावे सोपवावे. ‘केंद्राला विचारा’ हे उत्तर समितीला आता नको आहे.

प्रयोगशाळेचे जमणार नसेल तर पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून पाहण्याची तपासणी तरी नीट व्हावी, तिचे उत्तर मिनिटाभरात कळते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने स्थानिक बायकांना शिकवून हीच तपासणी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

निष्कर्ष व्हरांड्यात मोठ्याने वाचू नयेत. शरीरसंबंधातून येणारा विषाणू म्हटल्यावर घरात काय होते, ते बायकाच जाणतात. तपासणीच्या खोलीला पडदा असावा आणि तपासणारी बाईच असावी. आरोग्य केंद्रातले डाग गोठवण्याचे यंत्र गॅसअभावी बंद आहे, ते चालू करावे. मुलींच्या एचपीव्ही लसीबाबत शाळेत पालकांची बैठक घ्यावी. बाळांना जन्मताच कावीळ-ब ची लस चुकू नये. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारणही त्या काविळीचा विषाणूच आहे.

दालनातला पंधरा दिवसांचा शब्द समितीने इतिवृत्तात तारखेसह नोंदवला आहे. या निवेदनाचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत द्यावे, ही नम्र विनंती. न मिळाल्यास सोळाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्या शिबिरातल्या, गावी असलेल्या सगळ्या बायका आपापली चिठ्ठी घेऊन आपल्या कार्यालयात येतील आणि आपला क्रमांक विचारतील. पौषात गेलेल्या बाईची चिठ्ठी तिची सासू आणणार आहे.

कळावे,

आपल्या विश्वासू,
अध्यक्षा, सचिव व सदस्या,
महिला बचत गटांची आरोग्य समिती

सोबत : तीन निवेदनांची पोच, क्रमांकांची यादी, चिठ्ठ्यांच्या छायाप्रती.

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी; मा. तालुका आरोग्य अधिकारी.