विस्मरण म्हणजे अनेकार्थता नव्हे

खेळाडूच्या निवडीनुसार कथा पुढे नेणारे व्हिडिओ गेम आता मराठी समीक्षेच्या कक्षेत येत आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र या चर्चेत एक सोयीस्कर प्रतिपादन रूढ होऊ पाहते. तांत्रिक बिघाडाने कथा मोडली, तर ती म्हणे संहितेतील अनिर्णीतता. निर्मात्याच्या सत्तेला पडलेले खिंडार! बार्थ आणि देरिदा यांना इतक्या स्वस्तात राबवून घेऊ नये.

बायोवेअर या कॅनडातील संस्थेचा ‘मास इफेक्ट’ (२००७) पाहावा. नायकावर भाबडी भक्ती करणारा कॉनरॅड व्हर्नर त्यात भेटतो. खेळाडू त्याची समजूत घालू शकतो, अथवा त्याच्यावर पिस्तूल रोखून त्याला पिटाळू शकतो. निवडीची खूण साठवली जाते आणि पुढील भागात नेता येते. दुसऱ्या भागात (२०१०) ही खूण चुकीची वाचली गेली. सौजन्याने वागलेल्या खेळाडूलाही कॉनरॅड पिस्तुलाचीच आठवण करून देतो. यात अनेकार्थता कोठे आहे? दोन अर्थ एकमेकांशी झगडण्यासाठी दोन्ही संहितेत हजर असावे लागतात. येथे एक सरळ गहाळ आहे. बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला तो वाचकाच्या जन्मासाठी. या बिघाडात तर वाचकाचेच कर्तृत्व पुसले जाते.

कॉनरॅड हा अविश्वसनीय निवेदक आहे, असा बचाव कोणी करील. तिसऱ्या भागात (२०१२) निर्मात्यांनी खरोखरच त्याच्या तोंडून त्या चुकीच्या आठवणीची कबुली देवविली, आणि तीही विनोदाने. पण त्या कबुलीनंतरच चूक कथेत शिरली. मधली दोन वर्षे ती निव्वळ चूक होती, आणि समीक्षकाने तिला तेच नाव द्यावयास हवे होते.

आम्हा वर्धेकरांना हा भेद शिकायला पॅरिसला जाण्याचे कारण नाही. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर गाठले तरी पुरे. तेथे म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली. आणि जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून, अनेकदा सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदविला. हिराइसेचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते या प्रामाणिकपणामुळेच. गहाळ झालेल्या जागेला त्यांनी तत्त्वज्ञान चिकटवले नाही.

खेळांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण त्यांची संहिता दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या होऊन गुपचूप बदलते. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या बिघाडांसह आला, की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला. तेव्हाचा खेळ आणि आजचा खेळ एकच समजून लिहिलेले विवेचन नेमके कशाचे? प्रबंधात खेळाची आवृत्ती, यंत्र आणि खेळल्याची तारीख नोंदविलेली नसेल, तर मार्गदर्शकाने तो प्रबंध पहिल्या पानावरूनच परत करावा.